'गुळगुळीत फलन' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: गणितातल्या 'स्मूथ फंक्शन'ला मराठीत 'संतत फलन' म्हटलं तर चालेल, की 'गुळगुळीत' म्हणावं? 'गुळगुळीत' जरा पोरकट वाटतं, असं विचारणाऱ्याचं म्हणणं.

'संतत' नकोच, ती जागा 'कंटिन्युअस'ने अडवलेली आहे. आलेख कुठे तुटत नाही, एवढीच हमी तो शब्द देतो. |क्ष| (म्हणजे क्ष ची चिन्ह सोडून किंमत) हे फलन संतत आहे, पण शून्यापाशी त्याला टोक आहे आणि तिथे अवकलज (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर) निघत नाही. जर्मन गणितज्ञ वायरस्ट्रासने तर १८७२ साली बर्लिनच्या अकादमीपुढे असं फलन ठेवलं, जे सगळीकडे संतत आहे आणि अवकलनीय (अवकलज निघतो असं) मात्र एकाही बिंदूपाशी नाही.

मग 'अवकलनीय' म्हणावं (काही पुस्तकांत 'विकलनीय')? तेही अपुरं. क्ष|क्ष| घ्या. त्याचा अवकलज २|क्ष|, म्हणजे एकदा अवकलन झालं. दुसऱ्यांदा करायला गेलं की शून्यापाशी अडतं. गंमत म्हणजे याच्या आलेखात डोळ्याला काहीच खटकत नाही. रेल्वेचे अभियंते हे चांगलं ओळखून असतात. सरळ रुळाला थेट वर्तुळाचा कंस जोडला तर कोपरा दिसत नाही, पण वक्रता शून्यावरून एकदम उडी मारते आणि डब्यातल्या माणसाला हिसका बसतो. म्हणून मध्ये वक्रता हळूहळू वाढवणारा संक्रमण-वक्र घालतात. भारतीय रेल्वेत त्यासाठी क्युबिक पॅराबोला वापरतात.

तर पहिला, दुसरा, शंभरावा, कितवाही अवकलज प्रत्येक बिंदूपाशी निघत असेल तरच ते फलन 'स्मूथ'. काही लेखक मात्र पहिला अवकलज संतत असला की तेवढ्यावरच हा शब्द वापरतात. त्यामुळे लेखात एकदा 'अनंत वेळा अवकलनीय' असं स्पष्ट लिहून पुढे खुशाल 'गुळगुळीत' म्हणावं. मला तो पोरकट वाटत नाही. 'नितळ' म्हटलं की पाणी आठवतं, 'तुळतुळीत' म्हटलं की टक्कल. फक्त छापताना 'गुळमुळीत' होऊ देऊ नका. तो वेगळाच दोष, आणि गणितात तो अजिबात चालत नाही.

'वैश्लेषिक' ('अ‍ॅनालिटिक') हा शब्दही याच्याशी जोडू नये, ती अट आणखी कडक आहे: प्रत्येक बिंदूच्या आसपास फलन त्याच्या टेलर श्रेणीएवढंच (तिथल्या अवकलजांवरून बनवलेल्या घातांच्या बेरजेएवढंच) असावं लागतं. ई चा −१/क्ष² हा घात, आणि शून्यापाशी किंमत ०: हे फलन गुळगुळीत आहे, पण शून्यापाशी त्याच्या टेलर श्रेणीची सगळी पदं शून्य येतात आणि फलन स्वतः मात्र आसपास शून्य नसतं, त्यामुळे वैश्लेषिक नाही.

जाता जाता, या अटीबद्दलचं माझं एक आवडतं प्रमेय. |क्ष| चा वर्ग गुळगुळीत आहे, पण मूळ फलन नाही. क्ष च्या घनमुळाचा घन गुळगुळीत, पण मूळ फलन तसं नाही. मात्र एखाद्या वास्तव फलनाचा वर्ग आणि घन हे दोन्ही गुळगुळीत असले, तर ते फलन गुळगुळीत असतंच. गणितज्ञ जोरिसने हे १९८२ मध्ये सिद्ध केलं. विधान शाळकरी मुलालाही सांगता येईल इतकं सोपं, पण सिद्धता वाटते तितकी सोपी नाही. फलन शून्य होतं त्या बिंदूंपाशीच सगळी मेख आहे; बाकी ठिकाणी घनाला वर्गाने भागलं की काम झालं.