नाव नसलेला कारकून

प्रश्न : नव्यानं स्वतंत्र झालेल्या घानावरची म्हणून आयी क्वेई आर्माह यांची ‘द ब्यूटिफुल वन्स आर नॉट येट बॉर्न’ ही कादंबरी हाती घेतली, पण निम्म्यात मिटवून ठेवली. पानोपानी घाण, आणि नायकाला साधं नावही नाही! पुढे वाचू का? – एक वाचक, परळ

उत्तर : वाचाच. घाण आहे, हे कबूल. हात लावेल तिथे चिकटणारा जिन्याचा कठडा, तुंबलेले संडास, कुबट वासाच्या नोटा. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनाही ही कादंबरी रोगट वाटली होती. मला मात्र ती दुखावलेल्या माणसानं लिहिलेली वाटते. घाना १९५७ साली स्वतंत्र झाला, १९६६च्या फेब्रुवारीत लष्करानं राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांची सत्ता उलथवली, आणि १९६८ला हे पुस्तक आलं. नऊ वर्षांतच आशा नासली, ती हळुवार शब्दांत कशी सांगणार?

आता नावाचं. नायक रेल्वेत कारकून. लाकडाचा व्यापारी वॅगनसाठी पैसे पुढे करतो, हा घेत नाही, आणि घरी बायको ओयो त्याला टोचून बोलते. त्याच्याबरोबर शिकलेला कूमसन मंत्री झालाय ना!

हे घर माझ्या ओळखीचं आहे. माझे वडील वाडीबंदरला मालाच्या बुकिंगवर कारकून होते. व्यापारी त्यांना नुसतं ‘बाबू’ म्हणत. नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. एका मे महिन्यात माटुंग्याच्या क्वार्टरवर हापूसची पेटी आली. वडिलांनी ती त्याच हमालाच्या डोक्यावर परत चढवली. गवताचा वास खोलीत राहिला. आई एवढंच म्हणाली, “पोरांपुरते चार तरी ठेवायचे होते.” नंतर दोन दिवस ती वडिलांशी बोलली नाही.

तुम्ही जिथे थांबलात, त्याच्या बरंच पुढे, सत्तापालटाच्या रात्री, कूमसन जीव वाचवायला याच कारकुनाच्या घरी येतो. भीतीनं त्याच्या अंगाला दुर्गंधी सुटलेली असते. शेवटी त्याला संडासाच्या भोकातून बाहेर पडावं लागतं. नाक दाबून वाचा, पण तो भाग गाळू नका. तिथेच ओयो नवऱ्याला हलकेच सांगते, तुम्ही त्याच्यासारखे झाला नाहीत, बरं झालं.

माझ्या आईनं वडिलांना असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्या पानावर मी बराच वेळ थांबले होते.