सुलोचना नाव ठेवू का?

प्रश्न: ताई, मला मुलगी झालीये, पुढच्या रविवारी बारसं आहे. मला आजीचं नाव ठेवायचंय, सुलोचना. आई लहानपणीच गेली, आजीनेच मला वाढवलं आणि बाळ व्हायच्या तीन महिने आधी तीही गेली. नवऱ्याला चालतंय पण नणंदबाई म्हणतात आत्या मी आहे, बाळाच्या कानात मी सांगणार आणि असलं जुनाट नाव माझ्या तोंडून निघायचं नाही, शाळेत पोरं चिडवतील. त्यांनी कियारा, मायरा अशी लिस्ट पाठवलीये. मी हट्ट करतेय का?
– एक आई, सांगली

उत्तर: अगं हट्ट कसला, तुझी लेक आहे. आणि जुनाट म्हणतात ना, तर नणंदबाईंना एवढं सांग की हे नाव एकेकाळी खास पडद्यासाठी निवडलं जायचं. मूकपटांच्या जमान्यातली केवढी मोठी स्टार, पुण्यात जन्मलेल्या ज्यू घरातल्या रूबी मायर्स, त्या पडद्यावर सुलोचना झाल्या आणि 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. आपल्या सुलोचनादीदी मूळच्या नागाबाई, सिनेमात आल्या आणि सुलोचना झाल्या. आणि लावणी म्हटलं की सुलोचना चव्हाण, 2022 ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेल्या. म्हणजे एक सोज्वळ आई, एक ठसकेबाज लावणी आणि एक ग्लॅमरस हिरॉईन, तिघी एकाच नावाच्या, मग हे नाव फक्त म्हाताऱ्यांचं कसं काय?

झालं काय की एका पिढीला हे नाव इतकं आवडलं की घरोघरी एक तरी सुलू होती, कुणाची मावशी, कुणाची काकू, त्यामुळे पुढच्या पिढीला ते नाव ऐकलं की नऊवारी आणि अंबाडाच दिसायला लागला. पण तुझ्या लेकीच्या वर्गातल्या पोरांना अशी मावशीच नसणार, त्यांना ते नवीनच वाटेल. चिडवणारे तर कशावरूनही चिडवतात गं.

मला काळजी वेगळीच वाटते. कितीतरी घरांत आजीचं नाव हौसेने कागदावर ठेवतात आणि हाक मारतात पिहू नाहीतर परी. मग ते खरं नाव पोरीला पहिल्यांदा शाळेत हजेरीला ऐकू येतं आणि ते कुणा दुसरीचंच वाटतं, तिथून नावडतं व्हायला लागतं. म्हणून तू रोज सुलू म्हणून हाक मारणार असशील तरच ठेव. आजीच्या डब्यांवर, ताटांवर नाव घातलेलं असेलच, सौ. सुलोचना म्हणून ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, त्यातली एक वाटी लेकीला जेवायला दे, अक्षरं ओळखायला लागली की स्वतःच बोट फिरवेल. आणि आता नवीन नियमाने, 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, म्हणजे उद्या हिच्या मुलांच्या नावातही सुलोचना येणार.

नणंदबाईंना मात्र दुखवू नकोस, पाळण्यातलं एक नाव त्यांच्या लिस्टमधलं ठेवा, कानात दोन्ही सांगू देत. तरी मन दोलायमान असेल तर जन्मनोंदणीत नाव घालायला बारा महिने मिळतात, फी न भरता. बारशाच्या दिवशीच सगळं ठरलं पाहिजे असं काही नाही.

प्रश्न: वय 66. माहेरची मी सुलोचना. लग्नात ताटातल्या तांदळात दुसरंच नाव लिहिलं, मला कुणी विचारलंही नाही. आता मिस्टर नाहीत, मुलं आपापल्या संसारात. मला माझं नाव परत हवंय, लोक हसतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: हसले तर हसू देत काकू, नाव तुमचं आहे आणि ते तुमच्याकडून न विचारता घेतलं होतं. आधी शाळा सोडल्याचा दाखला शोधा, नसेल तर शाळेत अर्ज करा, दुसरी प्रत मिळते. मग राज्य शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यायची, अर्ज ऑनलाइन होतो, नातवंडांना बसवा शेजारी. आधारमध्ये नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग दहादा बघून घ्या. त्यानंतर पॅन आणि बँक. मिस्टरांची पेन्शन तुम्हाला मिळत असेल तर बँकेत हात घालण्याआधी पेन्शनच्या ऑफिसात जाऊन विचारून या, मधला एकही महिना अडकता कामा नये.