‘राज्यपालपदी रुजू झाले’ आणि ‘गृहराज्य’

दारव्हा तालुक्यातील एका शिक्षकांनी असे विचारले आहे की, ‘अमुक गृहस्थ आपल्याच गृहराज्यात राज्यपालपदी रुजू झाले’ हे वाक्य विद्यार्थ्यांना नमुना म्हणून द्यावे का, आणि राज्यपालपदाला ‘मानद पद’ म्हणता येईल का.

‘रुजू’ हा शब्द मूळचा अरबी. परतणे, वळणे हा त्याचा तिकडचा अर्थ. मराठीत तो हजर होणे, समक्ष येणे या अर्थाने स्थिरावला आणि हिशेब ताडून पाहण्याच्या ‘रुजुवात’ या शब्दातही राहिला. रुजू होणारा माणूस कोणापुढे तरी हजर होतो. तलाठी तहसीलदारांकडे रुजू होतो, शिक्षक शाळेत रुजू होतात, आणि आपल्याकडे गावात त्याच गोष्टीला सरळ ‘चार्ज घेतला’ म्हणतात. राज्यपालांना त्या राज्यात हजेरी देण्याजोगा वरिष्ठच नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत हे क्रियापद विजोड वाटते.

घटनेतील क्रम पाहिला म्हणजे योग्य क्रियापद आपोआप सापडते. अनुच्छेद १५५ प्रमाणे राष्ट्रपती आपल्या सही-शिक्क्याच्या अधिपत्राने नियुक्ती करतात. अनुच्छेद १५९ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसमोर, ते नसल्यास उपलब्ध असलेल्या ज्येष्ठतम न्यायाधीशांसमोर, शपथ घ्यावी लागते. आणि अनुच्छेद १५६ मधील पाच वर्षांची मुदत प्रत्यक्ष पदग्रहणाच्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून नियुक्तीची बातमी आली त्याच दिवशी ‘राज्यपाल झाले’ असे लिहिणे घाईचे ठरते, तर ‘शपथ घेऊन पदग्रहण केले’ किंवा ‘पदाची सूत्रे स्वीकारली’ हे नेमके आहे. ‘पदभार स्वीकारला’ यालाही माझी हरकत नाही. ‘कार्यभार’ मात्र कामापुरता असतो. एका राज्याच्या राज्यपालांकडे दुसऱ्या राज्याचे काम तात्पुरते सोपवले, तर ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणावे. (‘विराजमान झाले’ हे गणपतीसाठी राखून ठेवलेले बरे, फलकांवर काहीही लिहिलेले असो.)

‘गृहराज्य’ हा शब्द हिंदी बातम्यांतून आपल्याकडे आला. तो व्याकरणाने चुकीचा नाही, पण मराठी वाचकाला ‘गृहराज्यमंत्री’ या शब्दाची इतकी सवय आहे की ‘गृहराज्य’ वाचताच डोळा पुढचा ‘मंत्री’ शोधू लागतो. त्या शब्दात ‘गृह’ म्हणजे गृहखाते आणि ‘राज्य’ हे ‘राज्यमंत्री’ या दर्जाचे अंग. घरच्या राज्याचा तिथे काही संबंध नाही. ‘स्वराज्य’ तर दुसऱ्याच अर्थाने भरलेले आहे. ‘स्वतःच्याच राज्यात’ किंवा ‘मूळ राज्यात’ एवढे साधे लिहिले की काम भागते.

असे वाक्य लिहिण्याची वेळ मुळात क्वचितच येते. स्वतःच्या राज्यात राज्यपाल होण्यास घटनेची बंदी नाही; अनुच्छेद १५७ फक्त भारताचे नागरिकत्व आणि पस्तीस वर्षे पूर्ण झालेले वय मागतो. तरीही राज्यपाल बाहेरच्या राज्यातील असावा हा संकेत रूढ आहे आणि केंद्र-राज्य संबंध तपासण्यासाठी १९८३ साली नेमलेल्या सरकारिया आयोगानेही तशीच शिफारस केली. आपल्या भागातील उदाहरणे त्याला धरूनच आहेत: यवतमाळ जिल्ह्यातील सुधाकरराव नाईक हिमाचल प्रदेशात गेले, वर्ध्याच्या प्रभा राव हिमाचल प्रदेश व राजस्थानात, आणि अमरावती जिल्ह्यातील दारापूरचे रा. सू. गवई बिहार व केरळात. अपवादही ठळक आहेत. बंगालचेच हरेंद्रकुमार मुखर्जी १९५१ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले, आणि म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार १९५६ मध्ये म्हैसूर राज्याचे. शपथेत ‘अमुक राज्याच्या जनतेची सेवा व कल्याण’ यांना वाहून घेण्याचे वचन असते, त्यामुळे या दोघांनी तिथे आपल्याच मुलखाचे नाव उच्चारले.

राहिला ‘मानद’. मानद म्हणजे केवळ मानासाठी, वेतन न घेता सांभाळलेले पद, जसे एखाद्या ग्रंथालयाचे मानद सचिव. राज्यपालांना वेतन आहे, निवासस्थान आहे, आणि विधेयकांना संमती देण्यासारखी कामेही आहेत. म्हणून ते पद मानद नव्हे. ‘नामधारी’ या शब्दात टीकेची छटा आहे, ती हवी असेल तरच तो वापरावा. पाठ्यवाक्यात ‘घटनात्मक पद’ म्हणावे. समारंभाची बाजूच दाखवायची असेल, तर ‘मानाचे पद’ चालेल.