बागायतदारांचे प्रश्न : हापूस मोहोरत नाही, काय करू?

प्रश्न : गुहागरजवळ आमची हापूसची ३० कलमं आहेत, १५ वर्षांची. एक वर्ष बरा आंबा लागतो, पुढच्या वर्षी नुसती पालवी. गेल्या खेपेला मोहोर भरपूर आला पण वाटाण्याएवढी कैरी झाली की गळून खाली सडा. शेजारचे म्हणतात कल्टार (पालवीची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) मुळाशी ओता. ओतू का?

उत्तर : ओता, पण आधी कलमाखाली उभं राहून वर बघा. आकाश दिसत नसेल, दुपारीपण आत अंधार असेल, तर कल्टारचा फायदा निम्मासुद्धा होणार नाही. आंबा उतरला की पावसाआधी मधली सरळ वर गेलेली एखाद-दुसरी फांदी काढा, वाळकं नि बांडगूळ काढा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद नि चुन्याचा लेप) लावा. हापूस एक वर्षाआड धरतो हा त्याचा स्वभावच आहे, ज्या वर्षी भरपूर लागतो त्या वर्षी झाड रितं होतं, म्हणून जूनमध्येच फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेला चर खणून ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट आणि जोडीला पोटॅश द्यायचंच. उपाशी झाडाला कल्टार देऊ नका हो, दोन वर्षं आंबा मिळेल नि मग कलम खंगत जाईल, अशी कलमं बघून जीव तुटतो.

आता डोस. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या मधे, पाऊस धो धो नसताना, आधी गवत काढून घ्या. पसारा टेपने पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजा, सरासरी काढा, दर मीटरला ३ मिली कल्टार. ६ मीटर पसारा म्हणजे १८ मिली. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि पसाऱ्याची कड यांच्या मधोमध पहारीने साधारण अर्धी वीत खोल २५-३० खड्डे मारून सगळ्यात सारखं ओता, माती ओढून घ्या. अंदाजाने झाकण-झाकण ओतणारे खूप आहेत, तसं करू नका.

गळीचं म्हणाल तर तुमची सगळीच कलमं हापूस, तिथेच थोडी गोम आहे. हापूसला स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, शंभरात १०-२० झाडं तरी केसर, रत्ना, पायरी अशी हवीत. नवी लावायला जागा नसेल तर दोन-तीन झाडांच्या फांद्यांवर केसरची कलमं बांधा. फुलं उमललेली असताना कीटकनाशक मारू नका, माश्या मेल्या तर पराग कोण नेणार? तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे) आणि भुरीचं (मोहोरावरच्या पांढऱ्या बुरशीचं) बघायचं ते मोहोर फुलायच्या आधी. कैरी वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी झाली की प्रत्येक वेळी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट फवारा, गळ कमी होते आणि फळपण भरतं.