वाचकांचे प्रश्न: समेवर सगळे मान डोलवतात, मला का नाही सापडत?

प्रश्न: नमस्कार. गेल्या वर्षापासून मैफलींना जायला लागलोय. राग थोडेफार ओळखू येतात, यमन, भूप, मालकंस वगैरे. पण बडा ख्याल सुरू झाला की मी हरवतो. शेजारचे सगळे एकदम "वाह" म्हणतात आणि मी मागून मान डोलावतो. ही सम कशी कळते?

उत्तर: मागून मान डोलवायचं वाईट वाटून घेऊ नका, मीपण दोन-तीन वर्षं तेच केलंय. माझ्या मावशीला हे कळलं तेव्हा एका मैफलीत तिने माझा तळहात मांडीवर घेतला आणि अख्खा ख्यालभर त्यावर बोटाने मात्रा मोजत बसली, एक अक्षर न बोलता. ते बोट मला अजून आठवतं.

तुम्ही राग ओळखायच्या मागे लागलाय, ते चांगलंच आहे, पण सम, म्हणजे तालाच्या एका फेरीची (आवर्तनाची) पहिली मात्रा, ती रागात नसते हो, तबल्यात असते. थोडा वेळ गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करा आणि फक्त ठेका ऐका, म्हणजे तबल्यावर फिरून फिरून वाजणारे तालाचे ठरलेले बोल. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, पुष्कळदा विलंबित (संथ) एकतालात असतो, १२ मात्रा, आणि बोल असे: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. अतिविलंबित लयीत एका मात्रेला चार-पाच सेकंद धरले तर एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं होतं, एवढा वेळ नुसतं मोजत बसलं तर कुणीही चुकणारच. म्हणून मोजू नका, खुणा पकडा.

पहिली खूण तिरकिट. अख्ख्या आवर्तनात तो दोनदाच येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला, आणि विलंबितात ति-र-कि-ट हे चार तुकडे मात्राभर पसरतात त्यामुळे कानाला लगेच लागतात. आता पहिला कुठला आणि दुसरा कुठला? तर डग्गा ऐका, तबल्याच्या जोडीतलं डाव्या हाताचं घुमणारं वाद्य. पहिल्या तिरकिटनंतर येतं तू ना कत् ता, यात डग्गा घुमतच नाही, कत् म्हणजे तर डग्ग्यावरची बंद थाप. म्हणजे चार मात्रा खर्ज गायब. मग नवव्या मात्रेला धागे येतो आणि डग्गा परत बोलायला लागतो, त्यामागून दुसरा तिरकिट, मग धी, ना, आणि सम. तबलजी मधे जास्तीचे बोल भरतात त्यामुळे दरवेळी हे इतकं स्वच्छ ऐकू येणार नाही, पण डग्गा गेला आणि डग्गा आला हे जाणवतंच.

आणि गायकसुद्धा तुम्हाला सांगत असतो! बंदिशीचे पहिले काही शब्द, ज्याला मुखडा म्हणतात, ते बहुतेक वेळा अकराव्या-बाराव्या मात्रेच्या आसपास उचलले जातात. म्हणजे आलापी चाललीय, चाललीय, दुसरा तिरकिट गेला, आणि तेच ओळखीचे शब्द आले की समजा आता सम दोन पावलांवर आहे. एकच रेकॉर्डिंग घ्या आणि आठवडाभर तेच ऐका, दहा वेगवेगळी नको. चौथ्या-पाचव्या वेळी तुमचं बोट आपोआप खाली येईल.

प्रश्न: ध्रुपद आणि ख्याल यात नेमका फरक काय? मला दोन्ही संथच वाटतात.

उत्तर: सुरुवात संथ असते म्हणून सारखे वाटतात. ध्रुपदात आधी मोठा आलाप, तोही शब्दांशिवाय, री, ना, तोम, नोम अशा अक्षरांवर, आणि तोपर्यंत तालवाद्य गप्प. हळूहळू त्या आलापालाच लय येत जाते आणि नंतर बंदिश सुरू झाली की पखवाज येतो. ख्यालात उलट, थोडीशी आलापी झाली की बंदिश आणि तबला लगेच हजर, आणि रागाची सगळी बढत, म्हणजे तो हळूहळू खुलवत नेणं, त्या ठेक्याच्या आत होते. ख्यालात ताना, म्हणजे भराभर घेतलेल्या स्वरांच्या ओळी, असतात, ध्रुपदात तशा ताना घेत नाहीत, तिथे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), गमक (स्वर जोरात हलवणं) आणि शब्दांची लयकारी, म्हणजे तेच शब्द दुप्पट, चौपट लयीत म्हणणं वगैरे. गंमत म्हणजे ध्रुपदाचा चौतालही १२ मात्रांचाच, टाळ्याही एकतालासारख्याच पडतात, पण चाल ऐकाल तर दोघांचा काही संबंध आहे असं वाटणार नाही.

इतिहास थोडक्यात सांगते. ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर ध्रुपदाचा मोठा आश्रयदाता, १५ व्या-१६ व्या शतकाच्या सांध्यावरचा. ख्यालाला दरबारी वजन आलं ते दिल्लीत मुहम्मद शाह रंगीलेच्या काळात, सदारंग म्हणजे नियामत खाँ यांच्या बंदिशींमुळे, १८ व्या शतकात. आपल्याकडे ग्वाल्हेरची ख्यालगायकी रुजवण्यात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं काम फार मोठं आहे.

ध्रुपदाच्या मैफलीला जाल तेव्हा जरा लवकर जा आणि पुढे बसा. पखवाजवादक डाव्या पुडीवर ओली कणीक लावतो, बोटांनी थापून, थोडी काढून, परत थोडी लावून, वाजवून बघत. तो गंभीर घुमारा त्या कणकेचा आहे. वादन संपलं की ती खरवडून काढतात. मला ते बघायला फार आवडतं.

प्रश्न: ठुमरीला "उपशास्त्रीय" म्हणतात म्हणजे ती कमी दर्जाची का?

उत्तर: अजिबात नाही, आणि या शब्दामुळे ठुमरीचं खूप नुकसान झालंय असं माझं स्पष्ट मत आहे. ठुमरीत रागाचे नियम सैल असतात एवढंच, खमाज, काफी, पिलू, भैरवी असे राग असतात आणि मधेच दुसऱ्या रागाची छटा चालते, पण ती कुठे घ्यायची आणि परत कसं यायचं हे ज्याला रागच पक्के माहीत नाहीत त्याला जमणार कसं? अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा किराणा घराण्याचा ख्यालगायक ठुमरीही तितक्याच तन्मयतेने गायचा. ठुमरीत ऐकायचा तो बोलबनाव, म्हणजे एकच ओळ कधी रुसून, कधी विनवून, कधी नुसती थकून म्हणायची, शब्द तेच आणि अर्थ दरवेळी वेगळा. बेगम अख्तर, गिरिजादेवी, शोभा गुर्टू, तिघींना ऐका, तिघींचा रुसवा वेगळा आहे.

शेवटाकडे तबल्याची लय एकदम दुप्पट होते, त्याला लग्गी म्हणतात. तेव्हा गाणारी व्यक्ती फक्त मुखड्याची ओळ म्हणत राहते आणि तबलजी मनसोक्त वाजवून घेतो, मग तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, घेऊन लय परत मूळच्या संथ ठेक्यावर येते. तिथे सम शोधायला जा, पहिल्या प्रश्नातल्या वाचकांनीसुद्धा, तिथे ती सगळ्यात आधी सापडते.