आई हल्ली पाणीच पीत नाही

“आई वृद्धाश्रमात गप्प गप्प असते. हे वयामुळे, की तिथे तिला कोणी टाकून बोलतं?” मुलं आखातात किंवा पुण्याला, आईवडील गोव्यात, अशा घरांतून हा प्रश्न मला नेहमी येतो.

फोंड्याकडच्या एका शिक्षिकेचीही हीच काळजी होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). खोली स्वच्छ, जेवण वेळेवर, आईच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण चवथीला घरी आणली, तर आई न्हाणीघरात जायलाही परवानगी मागू लागली. पाणी जेमतेम घोटभर प्यायची.

मी विचारलं, “ताई, आई नेमकी कोणासमोर गप्प होते?” ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मग त्या वेगवेगळ्या वेळी जाऊ लागल्या. सकाळच्या सेविकेशी आई भजनाच्या गप्पा मारायची. संध्याकाळची आली की मान खाली. “आजी भारी नाटकी हां!” असं म्हणत ती हसायची, आणि आईही कसनुशी हसायची.

“कोणी त्रास देतं का?” असं विचारलं, तर उत्तर बहुधा “नाही गो” असंच येतं. म्हणून ताईंनी विचारलं, “रात्री अंथरूण बदलायला कोण येतं? काय म्हणते?” तेव्हा आई बोलली, “परत ओलं केलंस तर लेकीला सांगेन, घेऊन जा हिला.” म्हणून दुपारनंतर पाणी बंद!

सेविकांवर कामाचा भार फार असतो, हे मी जाणते. तरीही ही धमकी म्हणजे छळच. चारचौघांत लाज काढणं, हाक मारली तरी मुद्दाम ओ न देणं, उपकार ऐकवणं, हाही छळच.

डॉक्टरांनाही दाखवाच. अचानक गप्प होणं किंवा गोंधळणं यामागे लघवीचा संसर्ग, औषधांचा परिणाम, नैराश्य असू शकतं. या आईला पाणी कमी पडून संसर्ग झालाच होता.

सेविकेशी आईसमोर भांडू नका. रात्री आई तिच्याच हाती असते. तारीख, वेळ, ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून व्यवस्थापनाला लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही, तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे.

ताईंना आईला लगेच घरी न्यायचं होतं. मी म्हटलं, आधी तिला विचारा. आई म्हणाली, “मी इथेच राहते, पण तिला माझ्याकडे पाठवू नका.” व्यवस्थापनाने ते मानलं. त्यानंतर ताईंनी भेटी वाढवल्या, कारण तक्रारीचा राग म्हाताऱ्या माणसावर निघायची भीती त्याच दिवसांत जास्त असते.