मिरजकर तंबोऱ्याचा एवढा अभिमान का मिरवतात? आणि तिथून तंबोरा घ्यायचा तर काय पारखावं?

आधी एक गंमत सांगतो. मिरजेच्या तंबोऱ्यात मिरजेत उगवलेलं जवळजवळ काहीच नसतं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठचा. लाकूड तुणीचं, तेही बाहेरचं. मिरजेचा असतो तो हात. म्हणून सांगलीकरांनी हळद आणि बेदाण्याचं कितीही कौतुक केलं तरी मिरजकर तंबोऱ्यावर बोट ठेवून गप्प बसतो.

हा हात मूळचा शिकलगारांचा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींची गरज उरली नाही, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सतारी-तंबोरे दुरुस्त करायला आणि पुढे घडवायला घेतले. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांना आसरा होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुसकरांना तालीम दिली ती मिरजेतच. पुढे किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ इथे येऊन राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या नावाने आजही गाणं होतं. थोडक्यात, केलेला तंबोरा गावातच जाणत्या कानाखालून जायचा. वाईट माल खपणारच नाही अशी ती व्यवस्था होती. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता खरेदीचं. सतारमेकर गल्लीत शिरलात की नक्षीकडे नजर जाईल. ती शेवटी बघा. नक्षीने आवाज वाढत नाही, किंमत वाढते.

भोपळा आधी. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला घेर ५० इंचांच्या आसपास लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान. बोटाने वाजवून बघा, सगळीकडे सारखा टणक लागला पाहिजे. पॉलिशखाली बारीक चीर लपलेली असू शकते, म्हणून उजेडात फिरवून बघा. मग तंबोरा आडवा धरून बाजूने तबलीकडे, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी झाकणाकडे, पाहा. घोडीखाली, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याखाली, ती किंचित फुगीर हवी. दबलेली दिसली तर सोडून द्या, कारण तारांचा ताण वर्षानुवर्षं तिथेच पडतो. तबली बसली की तारांची उंची बदलते आणि जवारी, म्हणजे तारेचा झणकार, कितीही लावली तरी टिकत नाही. खुंट्यांकडून डोळा लावून दांडी सरळ आहे का तेही बघून घ्या.

खरी परीक्षा घोडीवर. घोडीची वरची बाजू सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार एका बिंदूवर न टेकता त्या उतारावर घासत कंप पावते, त्यातून जो झणकार उठतो ती जवारी. हा उतार कानशीने आणि पॉलिश कागदाने काढतात. एक हात जास्त फिरला की आवाज चिरका होतो, कमी फिरला की तार मुकी. कारागीर घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. मापाची पट्टी इथे नाही. मिरजेचा गर्व करायचाच तर या दोन-तीन बोटं रुंदीच्या तुकड्याचा करावा, असं माझं मत.

त्यावर तुमच्या हातात राहतो फक्त दोरा. साधा सुती दोरा तारेखाली सरकवा, आणि तार छेडत केसभर पुढे-मागे करा. एका जागी आवाज एकदम उमलतो. तिथे थांबा. चारही तारांची जागा वेगळी येते, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

लावताना आधी जोड, म्हणजे मधल्या दोन तारा षड्जाला, मग खर्ज, म्हणजे शेवटची तार खालच्या षड्जाला, मग पहिली तार पंचमाला. मालकंस गायचा असेल तर ती मध्यमाला, कारण त्या रागात पंचम नाही. खुंटीने जवळपास आणा, उरलेला बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्याने. नवशिके मणी आधीच टोकाला नेऊन ठेवतात आणि मग सुराला जागाच उरत नाही. खुंटी घसरत असेल तर तिला खडू लावा. पावसाळ्यात ती फुगून अडकते, तेव्हा जोर लावून पिळू नका, दांडीला तडा जातो.

एसटीने किंवा रेल्वेने नेताना तारा सैल करा, पूर्ण उतरवू नका. एसीच्या झोताखाली ठेवला तर सांधे सुटतात. आणि तारा घासून घोडीवर चरे पडले की जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याला ही वेळ लवकर येते, त्यात कारागिराची चूक नसते.